‘रॉक एन सोल, पार्ट वन’ : हॉल आणि ओट्स यांची निवडक बारा गाणी

डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स या फिलाडेल्फियाच्या जोडीचा हा संग्रह १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा गाजलेली गाणी आहेत आणि दोन त्या वेळी नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत. गाजलेल्या गाण्यांचे संग्रह बहुधा विक्रीचे आकडे पाहून रचले जातात. येथेही अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेली पाच गाणी आहेतच. पण हा संग्रह मला मोलाचा वाटतो तो वेगळ्या कारणासाठी : साध्या वाद्यमेळापासून यंत्राच्या तालापर्यंत साथ बदलत गेली, तरी कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतातून आलेली गाण्याची रीत या दोघांनी सोडली नाही, हे येथे सलग ऐकता येते.

त्या रीतीचा उत्तम नमुना म्हणजे ‘शीज गॉन’. हॉलचा विवाह मोडला होता आणि ओट्सला नववर्षाच्या पूर्वसंध्येला कोणी ताटकळत ठेवले होते. त्या दोन दुःखांतून दोघांनी मिळून हे गाणे लिहिले. १९७३ च्या मूळ अल्बमनंतर त्याला यश मिळाले नाही. १९७४ मध्ये ‘टॅव्हारेस’ या गटाने ते गाऊन आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांचे संगीत) यादीत पहिला क्रमांक मिळवला आणि १९७६ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर मूळ गाणे सातव्या क्रमांकावर गेले. शेवटाकडे त्याची पट्टी एकेक पायरी वर सरकत जाते आणि त्याबरोबर दोघांचे आवाज अधिकाधिक आर्त होतात. सिंधुदुर्गात डबलबारीची भजने ऐकत मोठे झालेल्यांना ही चढण ओळखीची वाटेल, कारण बुवांची ओळ कोरसाने उचलावी आणि प्रत्येक आवर्तनागणिक रंग चढत जावा, तसेच येथे घडते. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी मालवण-कुडाळकडच्या श्रोत्याने निदान या एका गाण्यासाठी हा संग्रह जरूर ऐकावा.

‘आय कान्ट गो फॉर दॅट’ हे त्याचे दुसरे टोक होय. रोलँड कंपनीच्या तालयंत्राचा कोरडा ठेका, त्यावर मोजकेच स्वर आणि मधल्या मोकळ्या जागेत हॉलचा आवाज, इतकीच त्याची रचना आहे. तरीही १९८२ च्या आरंभी ते पॉप आणि आर अँड बी या दोन्ही याद्यांत पहिले आले. गोऱ्या गायकांच्या बाबतीत ही गोष्ट दुर्मीळ होती. ‘मॅनईटर’मधील चार्ल्स डिशँट यांचा सॅक्सोफोन मात्र चांगल्या स्पीकरवरच ऐकावा, आमच्याकडे पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना मोबाइलच्या आवाजात त्याची घुमारेदार खोली पूर्ण हरवते. ‘सारा स्माइल’ संथ आणि निर्दोष आहे. अडीच मिनिटांच्या आत संपणारे ‘रिच गर्ल’ आणि ‘किस ऑन माय लिस्ट’ ही गाणी प्रसन्न आहेत. त्यांविषयी अधिक सांगावे असे काही नाही.

उणीव जाणवते ती ओट्सच्या बाबतीत. मुख्य गायन जवळजवळ सर्वत्र हॉलचेच असल्यामुळे, ओट्सचा खालच्या पट्टीतील उबदार आवाज ज्यांत पुढे येतो अशी आणखी एक-दोन गाणी निवडायला हवी होती. ‘वेट फॉर मी’ मैफलीतील ध्वनिमुद्रणातून घेतले आहे. ते मनापासून गायलेले असले तरी स्टुडिओतील नेटक्या गाण्यांच्या रांगेत त्याचा पोत निराळा पडतो. नव्या दोन गाण्यांपैकी ‘से इट इजन्ट सो’ जुन्यांच्या बरोबरीचे आहे, परंतु ‘ॲडल्ट एज्युकेशन’मध्ये ठेक्याचा भार फार होऊन चाल दबून जाते.

‘आउट ऑफ टच’ हे त्यांचे आणखी एक पहिल्या क्रमांकाचे गाणे पुढच्या वर्षीचे असल्यामुळे यात नाही. ते हवे असल्यास १९८४ चा ‘बिग बॅम बूम’ हा अल्बम वेगळा घ्यावा लागेल.