घडीत गेलेला दुभाषा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत हे इंग्रजी ग्राफिक नॉव्हेल घेतलं तेव्हा १,८९९ रुपये मोजताना हात आखडलाच होता. ते विल्यम ॲडम्सबद्दल आहे: १६०० मध्ये डच जहाजातून जपानला पोचलेला इंग्रज, जपान्यांचा मिउरा अंजिन. त्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत नाही. मला बोलायचंय ते बांधणीबद्दल.

जानेवारीत, तिसऱ्या वाचनाला, पुस्तकाचा कणा उकलला आणि पानं निसटायला लागली. ऑनलाइन विक्रेत्याला फोटो पाठवले, चार ईमेल केले, दोनदा फोनवर ताटकळलो. आधी म्हणाले परतीची मुदत १० दिवसांची होती, मग म्हणाले हे वापरामुळे झालेलं नुकसान. पुस्तक वाचलं, एवढाच तो वापर!

पण सुटलेल्या पानांपेक्षा मला खुपत होती ती मधली घडी. चित्रकाराने मोठे प्रसंग दोन पानांवर पसरून काढलेत आणि बांधणी इतकी आवळ की मधला बोटभर भाग दिसतच नाही. ओसाकाच्या किल्ल्यातली भेट घ्या. मे १६००. रॉटरडॅमहून निघालेल्या पाच जहाजांपैकी एकटं 'लिफ्डे' जपानला लागलेलं, त्यावर सुमारे २४ माणसं जिवंत, त्यातलीही मोजकीच पायावर उभी राहू शकणारी. त्या जहाजाची वाट ठरवणारा हा इंग्रज डाव्या पानावर, जपानमधला बलाढ्य सरदार तोकुगावा इयेयासू उजव्या पानावर, आणि दोघं एकमेकांकडे बघतायत. मला हे पटायचं नाही. एकमेकांची भाषा येत नसताना डोळ्यांनीच कसे बोलले? लेखकाने सोपी वाट धरली, असं मी दोन-तीन मित्रांना ठासून सांगितलंही.

मे महिन्यात पुस्तक अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांकडे नेलं. त्यांनी कण्यावरचा गोंद नखाने खरवडून दाखवला. "फॉर्म, म्हणजे पानांचे जुडगे, घडीचेच आहेत, नुसते चिकटवलेत. जुजबंदी करून देतो, म्हणजे दोऱ्याने शिवून." २८० रुपये, आठ दिवस.

घरी आणलं तर पुस्तक टेबलावर सपाट उघडलं. ओसाकाचं पान काढलं आणि मधोमध एक तिसरा माणूस बसलेला! दुभाषा. हात गुडघ्यांवर, मान ॲडम्सकडे वळलेली, नजर खाली. ॲडम्सने स्वतः पत्रात लिहिलंय की आधी खाणाखुणा झाल्या, मग पोर्तुगीज बोलणारा एक जण आला. आणि पोर्तुगीज म्हणजे नेमकी डच-इंग्रजांच्या शत्रूची भाषा. 'लिफ्डे'वरचे लोक चाचे आहेत, यांना मारून टाका, असं पोर्तुगीजांच्या बाजूचे जेझुइट (कॅथलिक पंथाचे) पाद्री इयेयासूला सांगत होते. आपलं गोवा हे त्या पोर्तुगीजांचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं. नागासाकीला जाणारं त्यांचं मोठं व्यापारी जहाज तिथूनच चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमार्गे जायचं. ॲडम्सचा जीव अशा भाषेवर टांगलेला होता. त्याने जगाचा नकाशा पुढे करून दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून आलो असं सांगितलं, तेव्हा इयेयासूला ते खोटं वाटलं. चित्रात अविश्वासाचं ते वाक्य दुभाष्याच्या तोंडी आहे. संवादाच्या फुग्याची शेपटी घडीत गेल्यामुळे मी ते सहा महिने इयेयासूचंच समजत होतो.

मित्रांना सांगितलेलं सगळं मी मागे घेतलं. आता तो प्रसंग मला अख्ख्या पुस्तकात सर्वांत सच्चा वाटतो.

जपानमधल्या इतो इथे ॲडम्सने बांधलेल्या ८० टनी जहाजाची पानंही सुरेख आहेत, लाकडाचे सांधे मोजता येतात. शेवट मात्र उरकलाय. १६२० मध्ये ॲडम्स जपानमधल्याच हिरादोला वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्याने मालमत्ता इंग्लंडमधली बायको-मुलगी आणि जपानमधली मुलं जोसेफ-सुझाना यांच्यात निम्मी-निम्मी वाटली होती. वीस-बावीस वर्षं न दिसलेल्या मुलीचा वाटा त्याने राखला, आणि पुस्तकात त्याला एक चौकट! इयेयासूने जिंकलेल्या सेकिगाहाराच्या लढाईची चार पानं कमी केली असती तरी चाललं असतं.

घेणार असाल तर बाइंडरचे पैसे धरूनच हिशेब करा, आणि शिवून येईपर्यंत ओसाकाच्या पानाबद्दल मत बनवू नका.