पीसीबी की पीफास: ध्रुवावर जास्त घातक कोण?

ऐरोलीच्या बाजारात मावशी सुरमई कापतात तेव्हा पोटाकडे चरबीचा पांढरा पट्टा दिसतो. पीसीबी मुरतं ते अशाच चरबीत. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं हे रसायन वाऱ्याबरोबर उत्तरेकडे जातं, थंडीत खाली बसतं आणि माशातून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात वाढत वाढत जातं. अमेरिकेने १९७९ साली त्याचं उत्पादन बंद केलं, तरी किलर व्हेलच्या अंगात ते आजही आहे. मादी आपला साठा दुधातून पिल्लाला पाजते, पहिल्याला सगळ्यात जास्त. आईचं दूध हो! नराला तेवढीही सुटका नाही.

पीफास या रसायनांच्या गटाची तऱ्हा वेगळी. पावसाळी जॅकेटवरून थेंब मोत्यासारखे घरंगळतात, ते पुष्कळदा याच्याच लेपामुळे. या गटातलं पीफॉस नावाचं एक रसायन चरबीत जात नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि अस्वलाच्या यकृतात साचतं. २००९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलं, पण त्याची भावंडं हजारो आहेत.

व्हेलच्या पिल्लांसाठी आज पीसीबीच वाईट. तरी मला धास्ती पीफासची जास्त वाटते, कारण ते अजून कारखान्यात बनतंय. यंदा ठाण्यात मुलीचं जॅकेट घेताना मी लेबलवर 'पीफासमुक्त' शोधत बसले होते.