साडेसातशेच्या माऊसपायी ६८,४९८ रुपये

हे लिहू नकोस, असं घरात सगळ्यांनी सांगितलं. चौदा दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब मी बघते, त्यांनी वाचलं तर काय म्हणतील, ही घरच्यांची काळजी. पण त्या चौदाही जणांना मी स्वतः फोन करून सांगून बसले आहे, कारण खोटा कस्टमर केअरवाला बनून मला लुबाडणाऱ्या माणसाचं ॲप ज्या फोनमध्ये शिरलं त्याच फोनमध्ये त्यांच्या पॅन कार्डांचे आणि बिलांचे फोटो होते. ते चौदा फोन करताना जी लाज वाटली, तिच्यापुढे हे लिहिणं काहीच नाही.

तारीख १९. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख २०. त्यानंतर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि वर व्याज. पाच रिटर्न बाकी होती आणि डेस्कटॉपचा वायरलेस माऊस ऐन वेळी दगा देत होता. खालचा लाल दिवा लुकलुकायचा, बाण दहा मिनिटं फिरायचा आणि जागीच अडकायचा. पालथा करून बटण बंद-चालू केलं की पुन्हा दोन मिनिटं. टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल काढून घातला, मग दुकानातून नवा आणून घातला. तेच. माऊस ठाण्यात गोखले रोडवरून ७४९ रुपयांना घेतलेला, वॉरंटीचे दोन महिने शिल्लक होते. घोडबंदर रोडवरून कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून तिकडे जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळ गेली. म्हणून म्हटलं, कंपनीला फोन करू. वॉरंटीतल्या वस्तूसाठी कंपनीला फोन करण्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

चुकलं ते नंबर शोधताना. खोका मी केव्हाच रद्दीत दिला होता. इंटरनेटवर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. सगळ्यात वर म्हणजे खरा, असं नसतं. पैसे भरूनही वर येता येतं. खोके जपून ठेवा, निदान वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवा. आणि कस्टमर केअरचा म्हणून दहा आकडी मोबाइल नंबर दिसला तर तो लावूच नका.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोड हिंदी, तक्रार क्रमांक, व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल, रजिस्ट्रेशनचे पाच रुपये डेबिट कार्डाने. मलाही हे माहीत होतं. ओटीपी कोणाला सांगू नका, हे मी माझ्या सासूबाईंना दहा वेळा बजावलं आहे. आणि मी तो सांगितलाही नाही. एकही आकडा माझ्या तोंडून गेला नाही. मी फक्त त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिली. ओटीपी त्यानेच वाचले आणि पुढे पाठवले.

एक क्षण मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ४ वाजून २९ मिनिटं. फाइल उघडताना फोनने इशारा दिला की हे ॲप धोकादायक असू शकतं. मी थांबले. थांबले, आणि त्याला विचारलं, "माऊस तो कंप्यूटर का है, ॲप मोबाइल में क्यों?" शब्द न् शब्द आठवतो. तो म्हणाला, "मॅडम, माऊस का सिग्नल मोबाइल से चेक होता है." आणि मी बरं म्हटलं. माऊसचा डोंगल माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटरला खोचलेला होता, माझ्याच हाताने खोचलेला. माऊस त्या डोंगलशी बोलतो. माझ्या मोबाइलशी त्याचा काडीचा संबंध नाही. बरोबर प्रश्न माझ्याच तोंडून आला होता, उत्तर धडधडीत खोटं होतं, आणि मी इशाऱ्यावर बोट ठेवून पुढे गेले. त्या माणसाने तोवर माऊसचं मॉडेल विचारलं नव्हतं, सेल कधी बदलला ते विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते फक्त खातं कोणत्या बँकेत आहे. बावीस वर्षं मी लोकांच्या बिलांतला एक रुपयाचा फरक शोधून काढते आहे!

पाच रुपयांचं पेमेंट 'फेल' दाखवलं. तेवढ्यात कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे त्याच्याकडे पोचले होते. मग तो म्हणाला, आता रीसेट करू. फोन स्पीकरवर टाका, पालथा ठेवा, स्क्रीनला हात लावू नका, आणि माऊसची दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबून धरा, मी सांगेपर्यंत सोडू नका. मी बारा मिनिटं माऊस दाबून बसले होते. माझे दोन्ही हात त्याने असे गुंतवून ठेवले आणि पालथ्या फोनवर ४.४१ ला २४,९९९ आणि ४.४३ ला आणखी २४,९९९ गेले. कोणीही फोन पालथा ठेवायला सांगितलं तर त्याच क्षणी सरळ करा.

४.५३ ला मी बँकेला फोन लावला, ४.५८ ला तक्रार क्रमांक मिळाला. कार्ड ब्लॉक झालं, असं पलीकडची मुलगी म्हणाली. ५.०९ ला आणखी १८,५०० गेले. ब्लॉक झालेल्या कार्डातून! माझी चूक एवढी की बँकेला फोन त्याच मोबाइलवरून केला, ॲप आत जिवंत असताना. आधी फ्लाइट मोड टाका, मग शेजारणीचा फोन घ्या. ५.१४ ला १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावला. त्यांनी नीट लिहून घेतलं आणि शेवटचे १८,५०० समोरच्या खात्यात गोठले. हा नंबर पहिल्या पाच मिनिटांत लावला असता तर आधीचे ४९,९९८ सुद्धा कदाचित अडले असते.

आता बँक. शाखेतल्या साहेबांनी कागद न बघताच सांगितलं, "मॅडम, ओटीपीशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे तुम्हीच दिलात." मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी त्याने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं, असं त्यात स्पष्ट आहे. कळवलं ४.५८ ला, पैसे गेले ५.०९ ला. यात वाद कसला? तर म्हणे, ती रक्कम होल्डवर आहे ना, मग मिळेलच. केव्हा? न्यायालयाचा आदेश आणा. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच आहे, हेही त्याच कागदात आहे. त्यांनी तो कागद मला परत दिला. पोच मागितली तर शिक्का जागेवर नव्हता.

पोलीस ठाण्यात वेगळी तऱ्हा. पहिल्या ठिकाणी म्हणाले, तुमची इमारत आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक म्हणते, आधी एफआयआरची प्रत आणा. तीन दिवस मी या दोघांच्या मधे रिक्षाने फिरले, भाडंच ७६० रुपये झालं. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे नोंद घ्यावीच लागते, असं मी म्हटलं, तर टेबलावरचे हवालदार म्हणाले, "ताई, तुम्ही वकील आहात का?" नाही. मी पैसे गेलेली बाई आहे. वकील असल्याशिवाय कलम म्हणायचं नाही का? चौथ्या दिवशी आयटी कायद्याच्या ६६डी खाली, म्हणजे तोतयेगिरी करून केलेल्या ऑनलाइन फसवणुकीच्या कलमाखाली, नोंद झाली, तीही मी संध्याकाळी सातपर्यंत बाकावरून उठले नाही म्हणून. तक्रार तोंडी सांगू नका. वेळांसकट कागदावर लिहून न्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही घेतल्याशिवाय हलू नका.

माऊसचं सांगायचं राहिलं. वरच्या मजल्यावरच्या मुलाने सेलचं झाकण काढून मला दाखवलं. आतल्या स्प्रिंगवर पांढरी पूड होती, जुना सेल गळला होता. नवा सेल घातला तरी स्प्रिंगला नीट टेकत नव्हता, म्हणून वीज मधूनच तुटायची. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून त्याने पूड पुसली, कोरडी केली, स्प्रिंग जरा ओढली. डोंगल निळ्या यूएसबी खाचेतून काढून काळ्या खाचेत लावला, कारण निळ्या खाचेजवळ सिग्नलला अडथळा येऊ शकतो म्हणे. कॉम्प्युटर वीज वाचवायला डोंगल झोपवतो, त्या सेटिंगची खूणही काढली. सहा मिनिटं लागली. माऊस आजही चालतो आहे.

बँकेला लेखी तक्रार देऊन आज तेवीस दिवस झाले. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ५.०९ च्या त्या १८,५०० रुपयांचा अर्ज मी टाइप करून ठेवला आहे, खाली फक्त तारीख घालायची आहे.