पूलचा पंप सुरू होत नव्हता, पण मोटर जळली नव्हती

स्विमिंग पूलचा पंप बटण दाबूनही सुरू होत नसेल, तर मोटर जळली असेलच असे नाही. परंतु बहुतेकांना तसेच वाटते आणि याच समजुतीचा फायदा घेऊन आमची पद्धतशीर फसवणूक करण्यात आली. अलिबाग, कर्जत, लोणावळा या भागांत ज्यांचे बंगले आहेत आणि जे स्वतः मुंबई-पुण्यात राहतात, त्यांनी हे अवश्य वाचावे, कारण मालक जागेवर नसणे हेच फसवणाऱ्यांचे भांडवल असते.

पावसाळा संपता संपता आमच्या किहीमजवळच्या बंगल्यातील एक एचपीचा पंप बंद पडला. एमसीबी (वीजप्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) चालू होता, पॅनेलवरचा दिवा पेटत होता, पण मोटरची साधी गुणगुणही ऐकू येत नव्हती. फिल्टर बंद राहिला की पाणी काही दिवसांतच हिरवे पडू लागते; त्यात दिवाळीला पाहुणे येणार होते, म्हणून राखणदाराने पूलची देखभाल करणाऱ्या एकाला तातडीने बोलावले. त्याने पॅनेल उघडून कॉन्टॅक्टरच्या (बटण दाबल्यावर मोटरकडे वीज सोडणाऱ्या स्विचच्या) वरच्या बाजूला, म्हणजे जिथे मेनची वायर येते तिथे, टेस्टर लावला, तो पेटलेला राखणदाराला दाखवला आणि मला फोनवर सांगितले, "सप्लाय व्यवस्थित येतोय साहेब, मोटरच जळली आहे. रिवाइंडिंग टिकणार नाही, नवीनच बसवा." पुढे वीज जाते की नाही, हे त्याने तपासलेच नाही. पंप काढून नेला, अर्धी रक्कम आगाऊ घेतली आणि जुना पंप बदल्यात धरून २८,५०० रुपयांत 'नवा' बसवून दिला. बिल साध्या कागदावर होते. जीएसटी क्रमांक आणि मोटरचा सिरियल नंबर मागितला, तेव्हा "पाठवतो" एवढेच उत्तर मिळाले.

पुढे मोटरच्या टर्मिनल बॉक्समधील एक वायर ढिली झाल्याने पंप पुन्हा थांबला आणि गावातील वायरमनने बॉक्सचे झाकण उघडले. झाकणाच्या आतल्या बाजूला, मूळ पंप बसवणाऱ्या मिस्त्रीने काळ्या मार्करने लिहिलेली तारीख आणि आमच्या बंगल्याचे नाव जसेच्या तसे होते. बाहेरून निळा रंग फासलेला, नेमप्लेट उखडलेली, बोल्टच्या खाचा रंगाने बुजलेल्या. पंप आमचाच होता. रिवाइंडिंगच्या दुकानात मोटर खोलून घेतली, तर कंपनीचे मूळ वाइंडिंग (मोटरमधील तारांचे वेटोळे) शाबूत होते. कुठे काळेपणा नाही, करपलेल्या वार्निशचा वास नाही.

बिघाड होता तो कॉन्टॅक्टरमध्ये. जुना कॉन्टॅक्टर पंपघरात क्लोरीनच्या डब्यामागे टाकलेला सापडला. त्याच्या पॉइंट्समध्ये चिरडलेल्या मुंग्यांचा काळा थर बसला होता, त्यामुळे पॉइंट्स नीट टेकत नव्हते. पावसात मुंग्या आणि पाली पॅनेलमध्ये शिरतात, हे कोकणात नेहमीचेच आहे. तो स्वस्तातला भाग त्याने गुपचूप बदलला आणि पैसे मात्र अख्ख्या पंपाचे घेतले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, पंप जागेवरून हलवू देण्यापूर्वी मोटरच्या टर्मिनलवर, फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, सुमारे २३० व्होल्ट येतात का हे मल्टिमीटरने मोजून घ्यावे आणि मीटरचा आकडा व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगावे. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये, कारण न्यूट्रल तुटलेली असली तरी टेस्टर पेटतोच. मोटरपर्यंत वीज पोहोचत नसेल, तर दोष पॅनेल, टायमर किंवा वायरमध्ये आहे. वीज पोहोचते, मोटर गुणगुणते पण फिरत नाही, असे असेल तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो किंवा इंपेलर (पाणी ढकलणारा पंपातील पंखा) अडकलेला असतो. वाइंडिंग खरोखर बाद झाले आहे का, हे मेगर (तारांवरचे वीजरोधक आवरण शाबूत आहे का ते मोजणारे उपकरण) लावल्याशिवाय ठरवू नये. पावसाळी ओलीमुळेही रीडिंग खाली येते आणि मोटर वाळवल्यावर ते पुष्कळदा सुधारते. हे सारे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करू नये आणि कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. झाकणाचे फोटो, रिवाइंडिंगवाल्याचा लेखी अभिप्राय आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून तो अर्ज मी आता दाखल करीत आहे.