युरेल ग्लोबल पास: महानगरांत बेताचा, खेड्यापाड्यांत वसूल

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले आणि आजी-आजोबा यांच्यासह युरोपला जाऊ इच्छिणाऱ्या बडोद्याच्या कुटुंबासमोर ट्रॅव्हल एजंट बहुधा ग्रुप टूरचे रंगीत पत्रक ठेवतो, आणि त्या पत्रकात पॅरिस, लुत्सर्न, व्हेनिस व रोम यांच्या मधला सारा मुलूख बसच्या काचेतून पाहण्यापुरताच उरलेला असतो. आम्ही दोघे, आमची दोन्ही मुले आणि माझ्या सासूबाई अशा पाच जणांनी त्याऐवजी युरेल ग्लोबल पास घेऊन रेल्वेने फिरायचे ठरवले. हे परीक्षण त्या पासाचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते: एका प्रसिद्ध शहरातून दुसऱ्या प्रसिद्ध शहरात धावायचे असेल तर हा पास घेण्यात फारसा अर्थ नाही; मधल्या खेड्यांत उतरत, मुक्काम करत जायचे असेल तर त्याच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू मला माहीत नाही.

युरेल पास १९५९ पासून मिळतो आणि तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे. तिथल्या रहिवाशांसाठी इंटररेल नावाचा वेगळा पास असतो. ग्लोबल पास ३३ देशांत चालतो. सलग दिवसांचे पास आहेत, तसेच एका महिन्यात कोणतेही ७ दिवस किंवा दोन महिन्यांत कोणतेही १० अथवा १५ दिवस अशी निवडही करता येते. कुटुंबासाठी दुसरा प्रकारच योग्य, कारण चिमुकल्या गावात तीन दिवस राहिलो तर त्या दिवसांचा पास खर्ची पडत नाही. एका प्रौढ व्यक्तीबरोबर ११ वर्षांपर्यंतच्या दोन मुलांना मोफत पास मिळतो, मात्र तोही प्रौढांच्या पासाबरोबर रीतसर काढावा लागतो. साठी ओलांडलेल्यांना दहा टक्के सवलत आहे, तिचा लाभ सासूबाईंना झाला. १२ ते २७ या वयोगटाला तरुणांच्या सवलतीचा दर लागतो.

पास आता मोबाइलवर असतो. सर्वांचे पास एकाच फोनवर ठेवता येतात. गाडीत बसण्यापूर्वी त्या दिवसाचा प्रवास ॲपमध्ये नोंदवायचा आणि तपासनीस आला की क्यूआर कोड दाखवायचा. तो पासपोर्टही मागू शकतो, म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नयेत. ॲपला तीन दिवसांत एकदा तरी इंटरनेट लागते, हे डोंगरी गावात राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. सगळे पास एकाच फोनवर असले तर तो फोन ज्याच्याकडे आहे त्याने मागे रेंगाळून चालत नाही, एवढी शिस्त आमच्या घरात या निमित्ताने आली.

आता खरा प्रश्न आरक्षणाचा. पास म्हणजे प्रवासाचा हक्क, जागेचा नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि स्पेनच्या एव्हीई या वेगवान गाड्यांत आरक्षण सक्तीचे आहे आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. शिवाय अनेक टीजीव्ही गाड्यांत पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा मर्यादित असतात आणि सुट्टीच्या दिवसांत त्या लवकर संपतात. मोफत पास असलेल्या मुलांनाही आरक्षण शुल्क चुकत नाही. फ्लॉरेन्स ते रोम हा सुमारे दीड तासाचा प्रवास. त्यासाठी पासातला एक दिवस, वर पाच जणांचे आरक्षण, असा हिशेब मांडला की महिनाभर आधी काढलेले साधे तिकीट स्वस्त ठरू शकते हे लगेच दिसते. आम्ही तेवढ्या टप्प्याची सुटी तिकिटेच काढली.

याच्या अगदी उलट अनुभव जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखात येतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. पॅरिसहून स्ट्रासबुर्गपर्यंत टीजीव्हीने जाऊन, तिथून छोट्या गाडीने ऱ्हाइन ओलांडून आम्ही ओफेनबुर्गला गेलो आणि काळ्या जंगलातल्या (ब्लॅक फॉरेस्ट) रेल्वेमार्गाने त्रीबर्गला उतरलो. रोबेर्ट गेरविग या अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. डोंगर सरळ चढण्याऐवजी त्याने रूळ दरीतून मोठमोठी वळणे घेत लांबवले, त्यामुळे चढ पन्नासास एक (पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) यापेक्षा तीव्र झाला नाही. आपल्या बोरघाटात, जो १८६३ मध्ये सुरू झाला, चढ सदतिसास एक आहे आणि म्हणूनच तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. त्रीबर्गकडे जाताना तेच गाव एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खिडकीत दिसते, आणि बोगद्यांची मोजणी करताना धाकट्याचा आकडा प्रत्येक वेळी निराळा येत होता. डभोई-मियागाम मार्गावर १८६२ मध्ये बैलांनी ओढलेली गाडी चालवणाऱ्या गायकवाडी मुलखातल्या माणसाला रेल्वेच्या इतिहासाचे थोडे अप्रूप असतेच. पण ज्यांना नसेल त्यांनीही हा मार्ग चुकवू नये. मनात आले म्हणून मधल्याच स्थानकावर उतरलो, तासाभराने पुढची गाडी पकडली, आणि त्यासाठी एक सेंटही जादा द्यावा लागला नाही.

लहान मुलांच्या दृष्टीने गाड्यांमध्येही फरक आहे. स्विस रेल्वेच्या अनेक दुमजली गाड्यांत एका डब्याच्या वरच्या मजल्यावर घसरगुंडीसह खेळण्याची जागा असते, तर ऑस्ट्रियाच्या रेलजेट गाड्यांत कुटुंबांसाठीच्या भागात मुलांना चित्रपट दाखवणारा छोटा पडदा असतो. झुरिक ते इन्सब्रुक हा आर्लबर्ग डोंगरातून जाणारा साडेतीन तासांचा प्रवास त्यामुळे आम्हा मोठ्यांना निवांत बाहेर पाहत करता आला. त्या मार्गावरचा दहा किलोमीटरहून लांब बोगदा १८८४ मध्ये खुला झाला.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र पासाच्या मर्यादा ठळक होतात. लुत्सर्न ते इंटरलाकेन ही ब्रुनिग खिंडीतून, दातेरी रुळांवरून चढणारी गाडी पासात येते. इंटरलाकेनच्या पुढे लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड आणि ३४५४ मीटर उंचीवरचे युंगफ्राउयोख यांसाठी केवळ सवलत मिळते, आणि सवलतीनंतरचा आकडाही पाच जणांना भारी पडतो. पिवळ्या पोस्ट बसही पासाबाहेर आहेत. ज्यांची निम्म्याहून अधिक सहल स्वित्झर्लंडमध्येच असेल त्यांनी युरेलऐवजी स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा: त्यात बोटी, बस, शहरांतल्या ट्राम, पाचशेहून अधिक संग्रहालये आणि रिगीसारखे डोंगर येतात, आणि पालकांबरोबर असलेल्या १६ वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्डावर मोफत प्रवास असतो. बारा ते पंधरा वयाची मुले असतील तर हा फरक चांगलाच जाणवतो.

साल्झबुर्गहून आट्नांग-पुखहाइमला गाडी बदलून हालश्टाटला जाता येते. स्थानक सरोवराच्या एका काठावर आणि गाव समोरच्या काठावर आहे. गाडीच्या वेळेला जोडून बोट असते, तिचे भाडे वेगळे. १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या गावात दुपारी चालायलाही जागा नसते, म्हणून तिथे किंवा शेजारच्या ओबरट्राउनला रात्री राहणे शहाणपणाचे. सासूबाईंना संपूर्ण प्रवासात आवडलेली जागा हीच. युंगफ्राउयोखला त्यांनी 'बर्फ तर फ्रीजमध्येही असतो' एवढ्यावर निकालात काढले होते.

परत इन्सब्रुकला येऊन ब्रेनर खिंडीतून वेरोनाला उतरल्यावर आम्ही इटलीत एक साधा नियम पाळला: प्रादेशिक गाडीच घ्यायची. वेरोना ते व्हेनिस या टप्प्यावर ती वेगवान गाडीपेक्षा थोडाच अधिक वेळ घेते, तिला आरक्षण लागत नाही, आणि वाटेत पादुआला उतरून स्क्रोवेन्यी चॅपेलमधली चित्रकार जोत्तोची भित्तिचित्रे पाहता येतात. चॅपेलमध्ये प्रवेशाची वेळ मात्र आधी ठरवूनच जावे. व्हेनिसच्या वापोरेत्तो बोटी आणि पॅरिसची मेट्रो पासात नाहीत, त्यांचा खर्च स्वतंत्र धरावा.

खरेदीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, काढायचा. त्याचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो. शुल्क प्रौढांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, शिवाय ३०,००० युरोंचा विमा आवश्यक. व्हिसाच्या अर्जासाठी बडोदेकरांना अहमदाबादची फेरी घडतेच. व्हिसा हाती आल्यावर पास घ्यावा, पास घेताच टीजीव्हीचे आरक्षण करावे, आणि पास सुरू करण्याची तारीख पॅरिसमधले मुक्काम संपल्यानंतरची ठेवावी, कारण शहरात फिरताना त्याचा काही उपयोग नाही. दुसरा वर्ग पुरेसा आहे. सामान मात्र प्रत्येकाने स्वतः उचलता येईल इतकेच असावे: तिथे हमाल मिळत नाहीत, लहान स्थानकांवर लिफ्टची खात्री नसते, आणि गाडी बदलण्यासाठी कधी कधी सात-आठ मिनिटेच हाती असतात. थेपल्यांचा आणि मेतकुटाचा डबा त्या वजनात धरावा. तो आम्हाला इन्सब्रुकपर्यंत पुरला.