मारिओ बावा बॉक्स सेट: आठ महिन्यांनंतर, झूमसकट

मारिओ बावा म्हणजे इटालियन भयपटांचा दिग्दर्शक. त्याच्या सिनेमांच्या सेटमधली सातवी डिस्क परवा अडकली म्हणून लिहायला बसलो. विक्रेत्याचं उत्तर, 'परत करायची मुदत 30 दिवस.' अहो, नोकरी करणारा माणूस एवढे सिनेमे 30 दिवसांत बघतो होय?

'ब्लॅक संडे' (1960) साठीच सेट घ्या असं सगळे सांगतात. खरंय. वीसेक वर्षं कॅमेरा सांभाळलेल्या माणसाचा दिग्दर्शक म्हणून नावानिशी पहिला सिनेमा, काळ्या-पांढऱ्यातलं धुकं बघत राहावं असं. त्यावर जास्त लिहीत नाही.

माझं भांडण झूमशी. 'फाइव्ह डॉल्स फॉर ॲन ऑगस्ट मून' (1970) लावा. चेहरा, झूम, समुद्र, झूम, परत चेहरा. आमच्या लग्नातल्या व्हिडिओवाल्याने वरमायीच्या नथीवर असाच जीव काढला होता. पहिले दोन महिने मी बायकोला सांगत होतो, पैसे पाण्यात गेले.

मग 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स' (1965) पाहिला. अख्खा परग्रह म्हणजे प्लास्टिकचे दोन खडक. बाकी धूर, आरसे आणि रंगीत दिवे. 'ब्लड अँड ब्लॅक लेस' (1964) मध्ये तर कॅमेरा सरकवायच्या ट्रॉलीच्या जागी पोरांची खेळण्यातली गाडी वापरली म्हणे. इथे आमचं जमलं. मीही टूथपेस्टची ट्यूब कापून वापरतो. रूळ टाकण्यापेक्षा झूम स्वस्त पडतो, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

'ब्लॅक सॅबथ' (1963) ची इटालियन आवृत्तीच बघा. शेवटी घोडा दौडवणारा बोरिस कार्लोफ (भयपटांतला गाजलेला नट) दिसतो, कॅमेरा मागे सरकतो, आणि घोडा खोटा निघतो! भोवती माणसं हातात फांद्या घेऊन गोल गोल पळतायत, तेच जंगल. अमेरिकेतल्या आवृत्तीत हे काढूनच टाकलं होतं.

तरी झूमला माफी नाही. 'किल, बेबी... किल!' (1966) मध्ये पैसे मध्येच संपले होते, तरी पोरीच्या झोक्याबरोबर कॅमेराच झोके घेतो. ज्याला हे सुचतं त्याला झूम कशाला हवा?

आता सातवी डिस्क. तिच्यावर 'लिसा अँड द डेव्हिल' (1973). त्याला वितरक मिळेना, म्हणून निर्मात्याने भुताखेतांची, पाद्र्याची दृश्यं घुसडून 1975 मध्ये 'हाउस ऑफ एक्झॉर्सिझम' करून विकला. डिस्कवर दोन्ही आहेत. मूळ सिनेमा 52व्या मिनिटाला गोठतो. नायिका एल्के सोमर बेडूक ओकते ती घुसडलेली आवृत्ती मात्र शेवटपर्यंत लोण्यासारखी चालते. डिस्क तीनदा पुसून पाहिली.