बर्फ सुटल्यावरचा ट्राउट: फ्लाय रॉड घ्यावा की स्पिनिंग?

डोंगरातल्या तळ्यावरचा बर्फ सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ट्राउट माशासाठी कोणता रॉड, म्हणजे गळाची काठी, न्यावा, याचं उत्तर उन्हाळ्यातल्या उत्तराहून वेगळं येतं. फ्लाय रॉडनं जाड दोरी मागे-पुढे झुलवून तिच्या वजनानं फ्लाय, म्हणजे किड्यासारखं बांधलेलं हलकं आमिष, फेकतात; स्पिनिंगमध्ये दोरी बारीक असते, फेक आमिषाच्या वजनानं जाते आणि दोरी रीळ फिरवून ओढतात. मी दोन्ही वापरले आहेत, दोन्ही अजून घरात आहेत. या दिवसांपुरता माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

फ्लायची बाजू आधी, कारण ऐकायला तीच भक्कम आहे. हिवाळ्यात बर्फाखाली तळाशी सुमारे ४ अंश सेल्सिअसचं पाणी असतं आणि वर त्याहून गार. बर्फ गेला, वरचं पाणीही ४ अंशांवर आलं की थरांमधला फरक मिटतो आणि वारा सगळं तळं ढवळून काढतो. माशाला ठरावीक खोली धरून बसायचं कारण उरत नाही. दुपारच्या उन्हात काठचं उथळ, काळ्या गाळावरचं पाणी अंशभर जरी जास्त तापलं, तरी ट्राउट तिकडे सरकतो, कारण मिज माशीचे कोष तिथेच हलू लागतात. म्हणजे बऱ्याचदा मासा काठापासून दहा-बारा पावलांवर असतो आणि लांब फेक लागतच नाही. एवढ्या गारठ्यात तो कशाचा पाठलागही फारसा करत नाही; तोंडासमोर जवळजवळ स्थिर लटकणारी बारीक फ्लाय मात्र उचलतो. स्पिनिंगचा स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, तितका हळू ओढला तर बुडतो आणि दगडांत अडकतो.

मग घोडं पेंड खातं कुठे? दोरी ज्यांतून जाते त्या रॉडच्या कड्यांत.

सकाळी हवा शून्याखाली असते. फ्लायची जाड दोरी हातानं ओढून घेताना दर वेळी पाणी सोबत आणते आणि ते त्या बारीक कड्यांत गोठतं. थोड्याच फेकींत टोकाची कडी बुजते. रॉडचं टोक पाण्यात बुडवून बर्फ सोडवायचा, दोन फेकी करायच्या, पुन्हा बुडवायचं. ठोकून काढायला गेलात तर टोकच मोडेल. तोवर ओली बोटं बधिर झालेली असतात. आणि नेमका त्याच वेळी मासा लागून पळाला, दोरी कडीत अडली, की पुढची बारीक दोरी तुटलीच म्हणून समजा. कड्यांना लावायचं मलम मिळतं. माझ्या हाती ते फार वेळ टिकलं नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

स्पिनिंगच्या कड्या गोठत नाहीत असं नाही. पण त्या मोठ्या असतात, गुळगुळीत मोनो (एकाच तंतूची) दोरी पाणी कमी आणते आणि रीळ हातमोज्यानिशी फिरवता येतं. विणलेली दोरी मात्र या दिवसांत टाळा, ती पाणी धरून ठेवते.

राहिला स्पूनचा प्रश्न. त्यावर पाणी भरता येणारा पारदर्शक फ्लोट आहे: त्याच्या पुढे चार-पाच फूट बारीक दोरी आणि टोकाला तीच फ्लाय. हवी तितकी हळू ओढा. फ्लोट धपकन पडतो, म्हणून फेक माशाच्या बरीच पलीकडे करावी लागते. चावा हाताला जरा उशिरा कळतो, हेही खरं. फ्लाय रॉडचा नाजूकपणा यात नाही.

तळं अर्धंच मोकळं झालं असेल तर हलका स्पून तरंगत्या बर्फावर टाकून अलगद कडेवरून पाण्यात सोडता येतो. अशा जागी मासा पुष्कळदा कडेलगतच फिरत असतो. फ्लायची दोरी त्या धारेवर घासायला माझं तरी मन होत नाही.

पाठीमागे झाडी किंवा बर्फाचा ढीग नसेल, वारा पडलेला असेल आणि तुम्ही दुपारीच उतरणार असाल, तर खुशाल फ्लाय घ्या, मजा त्यातच जास्त आहे. काही तळ्यांवर फक्त फ्लायलाच परवानगी असते, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. पहाटेपासून उभं राहायचं असेल तर मी स्पिनिंगच उचलतो. गळ एकेरी आणि बिनकाट्याचा (टोकाला उलटा दात नसलेला) ठेवा, म्हणजे मासा पाण्यातच सोडवता येतो. शून्याखालच्या हवेत वर काढला तर त्याच्या कल्ल्यांना इजा होते.